गाठ दिसली, पण कुठे?

यकृताच्या कर्करोगावर किरणांचा शेक द्यायचा तर आधी गाठीची हद्द ठरवावी लागते. यकृत बरगड्यांच्या आड असतं, श्वासागणिक वरखाली होतं, आणि साध्या सीटीवर त्यातली गाठ आसपासच्या यकृतात मिसळून गेलेली असते. म्हणून शिरेतून काँट्रास्ट सोडून फोटो काढतात. हा फोटो सीटीचा पुरे की एमआरआयचाच हवा, आणि एमआरआय काढला तर त्यावर किती विसंबायचं, यावर किरणोपचार विभागांत मनापासून वाद होतात. त्यातलाच एक वाद इथे मांडतो आहे.

बोलणाऱ्या दोघांना मी नावं दिलेली नाहीत. ‘डॉक्टर’ या किरणोपचारतज्ज्ञ. गाठीभोवतीची रेघ त्या काढतात. ‘फिजिसिस्ट’ त्यांच्याहून वयाने मोठे. त्या रेघेवरून किरणांच्या दिशा आणि मात्रा बसवणं, आणि ठरलेली मात्रा ठरलेल्या जागीच पडते आहे ना हे तपासणं, हे त्यांचं काम. दोघंही कल्पित आहेत आणि त्यांच्यापुढचा रुग्णही. साठीतला शेतकरी, जुन्या हेपटायटिस बीमुळे सिऱ्होसिस झालेला. यकृताच्या वरच्या घुमटाखाली साडेतीन सेंटिमीटरची गाठ. वर्षभरापूर्वी गाठीच्या धमनीत औषध आणि लिपिओडॉल नावाचं तेल सोडून झालं होतं. आता गाठीचा एक भाग पुन्हा जागा झाला आहे. शस्त्रक्रिया झेपणार नाही. पाच बैठकांत नेमका, जोरकस शेक द्यायचं ठरलं आहे.

डॉक्टर: सर, एमआरआय आल्याशिवाय मी या पेशंटचं कॉन्टूरिंग करणार नाही. सीटीवर लिपिओडॉल एवढं पांढरं दिसतंय की जिवंत गाठ कुठे उरली आहे तेच कळत नाही.

फिजिसिस्ट: मॅडम, ट्रिपल फेज सीटी आपण आपल्या टेबलावर काढलाय. पोटावर आपला पट्टा होता, हात डोक्यावर होते, श्वास आपण सांगितला तसा रोखलेला होता. शेक देताना हा माणूस असाच झोपणार आहे. याहून भरवशाचं चित्र आपल्याकडे नाही. आणि तुम्ही म्हणताय तो एमआरआय बाहेरचा आहे, दोन महिन्यांपूर्वीचा. नातेवाइकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फिल्म आणल्या आहेत, सीडी घरी राहिली.

डॉक्टर: तो धरायचाच नाही. दोन महिन्यांत गाठ वाढलीही असेल. आपण नवीन काढू, लिव्हरचं खास काँट्रास्ट देऊन.

फिजिसिस्ट: खास काँट्रास्ट म्हणजे महागडं काँट्रास्ट. त्यातून असं काय दिसणार आहे जे सीटीत दिसत नाही?

डॉक्टर: दोन गोष्टी. पहिली तुम्हाला ठाऊक आहे. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण तीन हिस्से पोर्टल शिरेतून, एक हिस्सा धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र धमनीवरच पोसते. म्हणून काँट्रास्ट सोडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास गाठ उजळते आणि बाकीचं लिव्हर अजून फिकं असतं. मिनिटभराने पोर्टल शिरेतलं रक्त पोचलं की लिव्हर उजळतं आणि गाठ विझत जाते. या उजळण्याविझण्यावर आपण बायोप्सी न करताही निदान करतो.

फिजिसिस्ट: हे सीटीवरही दिसतं.

डॉक्टर: लिपिओडॉल नसेल तर दिसतं. इथे ते सगळं झाकून टाकतंय. एमआरआयला लिपिओडॉलचा तसा त्रास नाही. काँट्रास्टच्या आधीचा आणि नंतरचा फोटो एकमेकांतून वजा केला की जिवंत कडा उरते. आता दुसरी गोष्ट. हे खास काँट्रास्ट, म्हणजे गॅडोक्सेटेट, नुसतं रक्तात फिरत नाही, लिव्हरच्या पेशी ते आत ओढून घेतात. साधारण निम्मं पित्तावाटे बाहेर पडतं, निम्मं किडनीतून. वीस मिनिटं थांबून फोटो काढला की चालणारं सगळं लिव्हर पांढरं झालेलं असतं. गाठीत कामाच्या पेशी नसतात, म्हणून ती काळी राहते. दिवाळीत सगळी चाळ उजळलेली असावी आणि एकाच खोलीत दिवा नसावा, तशी ती उठून दिसते.

फिजिसिस्ट: चाळ जुनी असेल तर? सिऱ्होसिसमध्ये निम्म्या खोल्यांत दिवे नसतात. बिलिरुबिन तीनच्या वर गेलं की हे औषध लिव्हरमध्ये नीट शिरतच नाही. आणि कॅन्सरच्याही काही गाठी, दहातली एखादी, हे औषध आत घेतात. त्या वीस मिनिटांनी काळ्या दिसत नाहीत. उलट लिव्हरमध्ये मिसळून जातात.

डॉक्टर: मान्य. म्हणून मी एका फोटोवर रेघ काढत नाही. धमनीचा फेज, पोर्टल फेज, वीस मिनिटांचा, शिवाय डिफ्यूजन. सगळे शेजारी लावून बघते. आणि या पेशंटचं बिलिरुबिन दीडच आहे.

फिजिसिस्ट: तरी धमनीच्या फेजची खात्री देऊ नका. या औषधाचा डोस किती? साठ किलोच्या माणसाला सहा मिलिलिटर. एवढासा बोलस झरकन निघून जातो, वेळ पाच सेकंदांनी चुकली तर नेमका क्षण गेला. शिवाय हे औषध दिल्यावर काही पेशंटना बरोबर त्याच क्षणी धाप लागते. फोटो हलतो आणि ज्या फेजसाठी एवढा खटाटोप केला तोच वाया जातो.

डॉक्टर: धाप काही सेकंदांची असते आणि सगळ्यांना लागत नाही. पेशंटला आधी समजावून सांगायचं, धमनीचे फोटो एकाऐवजी दोन-तीन लागोपाठ काढायचे. रेडिओलॉजीवाले हे करतात.

हा मुद्दा वाटतो त्याहून नाजूक आहे. गॅडोक्सेटेट वापरताना गाठ ‘विझली’ की नाही हे पोर्टल फेजवरच ठरवायचं असतं. नेहमीच्या गॅडोलिनियममध्ये तीन-पाच मिनिटांचा उशिराचा फोटोही त्यासाठी चालतो; इथे तोवर यकृताच्या पेशी औषध ओढू लागलेल्या असतात, त्यामुळे गाठ काळी दिसली तरी ती विझली म्हणून की शेजारी उजळले म्हणून, हे सांगता येत नाही. निदान करणाऱ्या रेडिओलॉजिस्टला हे पाठ असतं. रेघ काढणाऱ्यालाही ते पाठ असायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. कारण हद्द आखणारा डॉक्टर रिपोर्ट वाचून थांबत नाही. तो प्रत्येक कापावर हात चालवत असतो, आणि कोणत्या फेजवर हात चालवतो त्यावर गाठीचा आकार बदलतो.

फिजिसिस्ट: ठीक आहे, समजा फोटो उत्तम आला. माझा खरा प्रश्न आता सुरू होतो. तुम्हाला गाठ दिसली. पण कुठे दिसली? एमआरआयच्या लिव्हरमध्ये दिसली. मला ती माझ्या सीटीच्या लिव्हरमध्ये हवी. किरणांचा हिशोब मी सीटीवर करतो, कारण शरीरातली घनता मला सीटीच सांगतो. एमआरआयच्या आकड्यांना तो अर्थ नाही. म्हणजे दोन चित्रं एकमेकांवर बसवावी लागणार. आणि सगळा घोळ तिथेच होतो.

डॉक्टर: फ्यूजन तर रोजच करतो आपण.

फिजिसिस्ट: मेंदूचं रोज करतो. मेंदू कवटीत घट्ट बसलेला आहे. लिव्हर लोंबकळतं. या बाहेरच्या एमआरआयची सीडी आलीच तर काय दिसेल ते आत्ताच सांगतो. तो काढलाय खोलगट टेबलावर, हात पोटाशी, वर कॉइल दाबून बांधलेली, आणि श्वास आत घेऊन रोखलेला. आपला सीटी सपाट टेबलावर, पट्टा लावून, श्वास सोडून. पाठीचे मणके एकमेकांवर ठेवले की कॉम्प्युटर म्हणणार, जुळलं. मग स्लायडर अर्ध्यावर आणून बघा. मणके जुळलेले, एकेक किडनी दोनदा दिसते, आणि लिव्हरचा घुमटच दोन ठिकाणी, एक रेघ वर, एक खाली. मधे दीड सेंटिमीटर. आपली गाठ त्या घुमटाखालीच आहे.

डॉक्टर: मणक्यांवर कोण बसवतंय? लिव्हरपुरती चौकट घ्यायची, गाठीजवळचे रक्तवाहिन्यांचे फाटे धरायचे. पोर्टल शीर डावी-उजवी फुटते ती जागा, उजव्या हिपॅटिक शिरेचं वळण.

फिजिसिस्ट: बघा ना, करून बघा. फाटा जुळवला की घुमट सुटतो, घुमट जुळवला की फाटा सुटतो, कारण लिव्हर नुसतं सरकत नाही, त्याचा आकार बदलतो. पोट भरलेलं असेल तर डावा लोब वेगळा दिसतो.

डॉक्टर: त्यासाठी आकार बदलून बसवणारी सॉफ्टवेअर आहेत. टोरंटोच्या प्रिन्सेस मार्गरेटमध्ये क्रिस्टी ब्रॉक आणि लॉरा डॉसन यांच्या गटाने २००६ मध्येच सीटी आणि एमआरआयवर काढलेल्या गाठी अशाच पद्धतीने एकमेकांवर ठेवून तपासल्या होत्या.

फिजिसिस्ट: आणि त्यांना काय दिसलं? आकाराचा फरक काढून टाकल्यावरही काही पेशंटमध्ये दोन्हीकडच्या रेघा जुळल्या नाहीत. कुठे सीटीवर जास्त दिसलं, कुठे एमआरआयवर.

डॉक्टर: तेच तर मी म्हणते! दोन्ही बघितल्याशिवाय गाठीचा काही भाग सुटतो.

फिजिसिस्ट: आणि मी म्हणतो, त्याच ब्रॉक बाईंच्या अध्यक्षतेखाली अमेरिकन मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेचा टीजी-१३२ अहवाल २०१७ मध्ये आला. त्यात काय सांगितलंय? बसवलेलं चित्र तपासल्याशिवाय वापरू नका. आकार बदलणारं सॉफ्टवेअर सुंदर चित्र देतं हो. पण एकसारख्या करड्या लिव्हरच्या मधोमध त्याला धरायला काही नसतं; तिथे ते अंदाजाने ओढून बसवतं. खुणा असतील तिथे जुळतं, आणि आपली गाठ नेमकी खुणा नसलेल्या ठिकाणी.

इथे मी फिजिसिस्टच्या बाजूने आहे. वाईट जुळवलेला चांगला एमआरआय हा साध्या सीटीपेक्षा धोक्याचा असतो. साध्या सीटीवर डॉक्टर साशंक असतात आणि रेघ थोडी बाहेर ठेवतात. एमआरआयवर कडा इतकी स्वच्छ दिसते की हात निर्धास्त चालतो. रेघ गाठीला चिकटून येते, आणि सगळी रेघ सात मिलिमीटर सरकलेली असते. तिची स्वच्छता पाहून कोणाला शंका येत नाही.

डॉक्टर: मग उपाय सांगा ना. एमआरआय नकोच, हा उपाय नव्हे. एमआरआय नीट काढायचा, हा उपाय.

फिजिसिस्ट: नीट म्हणजे कसा, ते लिहून घेतो. सपाट पाट. तोच व्हॅक्युम कुशन. हात वर. कॉइल पोटावर दाबायची नाही, कमानीवर ठेवायची. पट्ट्याला धातू नको, पण पट्टा हवा, नाहीतर लिव्हरचा आकार वेगळा येतो. सीटी आणि एमआरआय एकाच दिवशी, दोन्हीच्या आधी चार तास उपाशी. आणि श्वास दोन्हीकडे सारखा. माझं मत विचाराल तर सोडून रोखलेला, कारण श्वास सोडल्यावर लिव्हर त्याच जागी परत येण्याची शक्यता जास्त.

डॉक्टर: हा माणूस वीस सेकंद श्वास सोडून थांबू शकेल?

फिजिसिस्ट: काल सीटीच्या आधी सराव घेतला तेव्हा बारा सेकंद थांबला. तेरावं धरलं की छाती हलते. एमआरआयच्या टेक्निशियनला सांगायला हवं, फोटो बारा सेकंदांत बसवा, थोडा जाड काप चालेल. त्यांच्याकडे रेकॉर्ड केलेलं हिंदी ‘साँस रोकिए’ लागतं. या माणसाला आपण मराठीत सराव दिलाय. समोर उभं राहून कोणीतरी त्याच शब्दांत सांगायला हवं, ‘श्वास घ्या, सोडा, आता थांबा’. हसू नका, मॅडम, यानेच मिलिमीटर वाचतात.

डॉक्टर: हसत नाही. मी स्वतः जाऊन उभी राहीन.

फिजिसिस्ट: आणि एक. एमआरआयच्या बोगद्यात मध्यापासून दूर गेलं की चित्र थोडं वाकतं. लिव्हरची उजवी कड मध्यापासून लांब. दुरुस्ती चालू ठेवली आहे ना, हे विचारून घ्या. रोजच्या निदानाच्या कामात त्यांना त्याची फिकीर नसते.

डॉक्टर: हे सगळं केलं, तर गाठीभोवतीचं जादा मार्जिन तीन मिलिमीटरवर आणाल?

फिजिसिस्ट: नाही.

डॉक्टर: का?

फिजिसिस्ट: कारण मार्जिन गाठ किती स्वच्छ दिसली यावर ठरत नाही. पाच बैठकांत रोज ती कुठे असते यावर ठरतं. शेक देताना टेबलावर आपल्याकडे कोन बीम सीटी आहे. त्यात लिव्हरमधली गाठ दिसतच नाही. घुमटाची कड दिसते, आणि या माणसाच्या बाबतीत सुदैवाने लिपिओडॉल दिसतं. तुम्हाला सकाळपासून खुपणारं ते पांढरं तेल मला रोज सकाळी गाठ दाखवणार आहे. ते नसतं तर सोन्याचे दाणे टोचावे लागले असते. तर मार्जिन पाच राहणार. खालीवर सहा.

डॉक्टर: आणि त्या दोन मिलिमीटरांची किंमत कोण मोजणार? साडेतीन सेंटिमीटरच्या गोळ्याभोवती तीनऐवजी पाच मिलिमीटर घेतले की घनफळ कितीने वाढतं, तुम्हीच सांगा.

फिजिसिस्ट: साडेतीनचा गोळा साधारण बावीस सीसी. चौफेर तीन मिलिमीटर दिले तर छत्तीस. पाच दिले तर अठ्ठेचाळीस.

डॉक्टर: म्हणजे बारा सीसी चांगलं लिव्हर आपण पुऱ्या डोसमध्ये ओढलं. सिऱ्होसिसच्या लिव्हरचं.

फिजिसिस्ट: बारा सीसी लिव्हर गेलं तर माणूस जगतो. गाठीची एक कड सुटली तर गाठ परत येते.

दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि वादाची गाठ इथे बसली आहे. किरणांनी यकृत कसं बिघडतं हे १९६० च्या दशकातच ध्यानात आलं होतं. संपूर्ण यकृतावर शेक दिलेल्या रुग्णांत काही आठवड्यांनी पोटात पाणी भरायचं, यकृत वाढायचं, आणि त्यातले काही दगावायचे. त्यामुळे कित्येक वर्षं यकृतावर शेक द्यायला डॉक्टर धजावत नसत. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की यकृताचा काही भाग पुरेसा वाचवला तर उरलेल्या भागाला खूप मोठी मात्रा देता येते. तीन बैठकांच्या शेकासाठी ठरलेली कसोटी प्रसिद्ध आहे: निदान ७०० मिलिलिटर यकृताला १५ ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) कमी मात्रा बसली पाहिजे. आरटीओजी १११२ या चाचणीत तर गाठीला किती मात्रा द्यायची तेच निरोगी यकृताला सरासरी किती बसते यावर ठरवलं होतं. पाच बैठकांत २७.५ ते ५० ग्रे. डॉसन यांच्या नेतृत्वाखालच्या त्या चाचणीत नुसत्या सोराफेनिब या औषधावर असलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य १२.३ महिने आलं, आधी शेक देऊन मग सोराफेनिब दिलेल्यांचं १५.८ महिने. चाचणी चालू असताना नवी औषधं आली आणि भरती वेळेआधी थांबवावी लागली, तरी यकृताच्या कर्करोगात शेकाला जागा आहे हे तिने पक्कं केलं.

डॉक्टर: सर, तुमचे ते सातशे मिलिलिटर मला नेहमी खटकतात. सातशे मिलिलिटर कशाचे? सीटीवर दिसणाऱ्या आकाराचे. पण सिऱ्होसिसमध्ये सगळं लिव्हर सारखं काम करत नाही. या माणसाचा उजवा लोब आक्रसलाय, डावा फुगलाय. वीस मिनिटांच्या फोटोवर कुठे औषध शिरलंय ते दिसतं. जे पांढरं आहे ते जगतंय. मग किरणांच्या दिशा काळ्या भागातून का नेऊ नयेत? माझ्या लेखी गॅडोक्सेटेटचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. गाठ दिसणं हा त्याचा निम्मा उपयोग. काय वाचवायचं ते दिसणं हा मोठा.

फिजिसिस्ट: कल्पना सुंदर आहे. आता मला आकडा द्या. सीटीवरचा आकडा सगळीकडे सारखा, पाणी शून्य. एमआरआयचा पांढरेपणा कॉइल जवळ आहे की लांब यावरही बदलतो. पुढचा डावा लोब कॉइलजवळ, म्हणून जास्त पांढरा. तो जास्त काम करतो म्हणून, असं नव्हे.

डॉक्टर: त्यासाठी काँट्रास्टच्या आधीचा फोटो आणि नंतरचा, त्यांचं प्रमाण काढायचं, प्लीहेशी तुलना करायची. किंवा टी-वन मॅप काढायचा.

फिजिसिस्ट: काढा. मग सांगा, किती ‘पांढरे’ मिलिलिटर वाचले की माणूस वाचतो? सातशेचा आकडा साध्या आकारावर आलाय. कामाच्या लिव्हरसाठी तसा सगळ्यांनी मानलेला आकडा आहे?

डॉक्टर: नाही.

फिजिसिस्ट: मग मी त्यावर माणसाचा डोस ठरवणार नाही.

डॉक्टर: डोस ठरवू नका, दिशा ठरवा. सातशेची कसोटी पाळूनच दोन प्लॅन करा. दोन्हींत गाठीला सारखाच डोस, आकाराच्या हिशोबाने लिव्हरलाही सारखाच. एकात किरणं डाव्या लोबला स्पर्शत जातात, दुसऱ्यात उजव्या आक्रसलेल्या भागातून येतात. तुमच्या आकड्यांत दोन्ही समान. मग दुसरा घ्यायला काय हरकत?

फिजिसिस्ट: …हरकत नाही. याला माझी हरकत असायचं कारण नाही.

फिजिसिस्ट एवढ्यावर थांबले हे मला योग्य वाटतं. सिद्ध न झालेल्या खुणेवर मात्रा वाढवणं वेगळं आणि बरोबरीच्या दोन वाटांतली सौम्य निवडणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी मोठ्या चाचणीची वाट पाहायची गरज नाही.

यकृताचं काम उपचाराच्या मध्येच मोजून मात्रा बदलण्याची दुसरी वाटही मिशिगनमध्ये चाचपली गेली. मेरी फेंग आणि सहकाऱ्यांचं २०१८ मधलं काम त्याबद्दलचं आहे. ९० रुग्णांना पाचपैकी तीन बैठका देऊन महिनाभर थांबले, इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग यकृत किती वेगाने साफ करतं ते मोजलं, आणि उरलेल्या दोन बैठका त्यानुसार दिल्या किंवा कमी केल्या. ही चाचणी रक्तातून एकच आकडा सांगते, पूर्ण यकृताचा. एमआरआय तोच प्रश्न जागेनिशी विचारतो.

फिजिसिस्ट: आता माझं ऐका. मला एमआरआय नकोय असं तुम्हाला वाटतंय. मला हवाय, पण मला नंतरचा हवाय.

डॉक्टर: नंतरचा?

फिजिसिस्ट: शेक झाल्यावर तीन-चार महिन्यांनी, याच काँट्रास्टवर, वीस मिनिटांचा फोटो. जिथे पुरेसा डोस पडला तिथल्या लिव्हरच्या पेशी औषध आत घेत नाहीत. काळा पट्टा उमटतो. जपानमध्ये सानुकी यांच्या गटाने २०१४ मध्ये हे मोजलंय. पाच बैठकांत, चांगल्या लिव्हरमध्ये साधारण ३० ग्रेच्या रेघेपाशी हा काळा भाग संपतो, अशक्त लिव्हरमध्ये २५ च्या. कळतंय ना मी काय म्हणतो ते? माझ्या प्लॅनवरची ३० ग्रेची रेघ आणि पेशंटच्या लिव्हरवर उमटलेली कड, दोन्ही शेजारी ठेवता येतात. कडा एकमेकींवर आल्या तर शेक ठरल्या जागी पडला. एका बाजूला पाच मिलिमीटर सरकल्या असतील तर श्वासात, फ्यूजनमध्ये, कुठेतरी आपलं चुकतंय. माझ्या सगळ्या शंकांचं उत्तर पेशंटच्या लिव्हरवर लिहिलेलं असतं, आणि आपण ते वाचत नाही! फॉलोअपला सीटी काढतो, गाठ लहान झाली का बघतो, संपलं.

डॉक्टर: गाठ लहान होण्यावरही फसायला होतं. शेकानंतर धमनीच्या फेजमध्ये गाठ कित्येक महिने उजळत राहू शकते, वर्षभरसुद्धा. नवखा डॉक्टर बघतो आणि म्हणतो, कॅन्सर शिल्लक आहे, पुन्हा काहीतरी करा. लिव्हरचे फोटो वाचण्याचे नियम घालून देणाऱ्या लाय-रॅड्सने २०२४ मध्ये शेकानंतरच्या गाठींसाठी वेगळे नियम केले ते म्हणूनच. वाढत नसेल तर थांबा.

फिजिसिस्ट: मग लिहा पेशंटच्या पेपरवर, तीन महिन्यांनी एमआरआय, हेच काँट्रास्ट. पण पैशाचं काय?

डॉक्टर: तोच प्रश्न मी सकाळी समाजसेवा विभागात विचारून आले.

फिजिसिस्ट: दोन वेळा लागणार म्हणून सांगितलंत?

डॉक्टर: एकदाच सांगितलं होतं. आता दोनदा सांगते.

फिजिसिस्ट: आणि किडनी?

डॉक्टर: क्रिएटिनिन १.१. गॅडोलिनियममुळे किडनी निकामी झालेल्यांची त्वचा आखडते हे २००६ मध्ये कळल्यापासून ही तपासणी आपण सोडत नाही. मेंदूत थोडं गॅडोलिनियम साठतं, म्हणून युरोपने २०१७ मध्ये या प्रकारच्या बऱ्याच औषधांवर बंदी आणली, पण हे लिव्हरसाठी ठेवलं. त्याचा डोस नेहमीच्या काँट्रास्टच्या चौथाई आहे. दोन वेळा द्यायला मला भीती वाटत नाही.

फिजिसिस्ट: पाच वेळा द्यायची वेळ आली तर वाटेल. एमआरआय जोडलेल्या किरणयंत्रांवर काही ठिकाणी ते करून बघितलंय. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ च्या सुमारास गॅडोक्सेटेट देऊन शेक चालू असतानाच गाठीवर नजर ठेवली होती. ती यंत्रं ०.३५ टेस्लाची, त्यात गाठ नुसती अंधुक दिसते. काँट्रास्ट दिलं की ठळक. पेशंट श्वास घेतो, गाठ चौकटीबाहेर जाते, किरण आपोआप थांबतात. तिथे मार्जिन खरंच कमी होतं, कारण तिथे गाठ रोज दिसते. मी त्याच्या विरोधात नाही. तसं यंत्र असतं तर तुम्हाला तीन मिलिमीटर दिले असते.

डॉक्टर: ते यंत्र आपल्याकडे कधी येणार?

फिजिसिस्ट: ते मला विचारू नका. आपल्याकडे शेक देणारं एक लिनॅक यंत्र आहे, रोजचे साठ पेशंट आहेत, आणि शेजारच्या इमारतीत एमआरआय आहे. त्यांचा मंगळवारचा शेवटचा स्लॉट रिकामा असतो. मी आत्ता फोन करतो. सपाट पाट आपला, मी स्वतः ढकलत नेतो. तीन वेळा श्वास रोखून तीन छोटे फोटो आधी काढायचे, घुमट तिन्ही वेळा कुठे येतो ते बघायचं. तीन मिलिमीटरच्या आत आला तरच काँट्रास्ट सोडायचं. नाही आला तर औषध वाया घालवायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव.

डॉक्टर: आणि तीनच्या आत आला तर मार्जिन चार?

फिजिसिस्ट: बाजूंना चार. खालीवर सहा.

डॉक्टर: खालीवर पाच.

फिजिसिस्ट: आधी फोटो येऊ दे, मॅडम.